बऱ्या माणसाची खाट

माणूस बरा झाला की आजारातून मोकळा होतो, हे वैद्यकशास्त्राचं मूलभूत तत्त्व आहे. विमाशास्त्रात मात्र बरं होणं ही नुसती सुरुवात असते.

कलमदादा सकाळपासून बूट घालून खाटेवर बसले होते. डॉक्टर राउंडला आले, पोटावरचे टाके पाहून "छान, जा आता घरी" म्हणाले आणि शेजारच्या खाटेकडे वळले. त्या खाटेवर एक शिंपी होता. त्याचा पाय वर टांगलेला असल्यामुळे गप्पा मारण्याखेरीज त्याला उद्योग नव्हता.

"निघालात का दादा?"

"निघालोच. बिलाची मंजुरी आली की झालं."

"म्हणजे राहिलात," शिंपी म्हणाला.

दादांनी तिकडे दुर्लक्ष केलं. आज दुपारी त्यांना घरी जेवायचं होतं. एकुलती एक मुलगी त्यांच्या ऑपरेशनसाठी दूरच्या गावाहून रजा काढून आली होती आणि सगळी रजा तिने वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढली होती. संध्याकाळच्या गाडीने ती परत जाणार होती, आणि पुन्हा रजा कधी मिळेल ते तिच्या साहेबालाच ठाऊक. एक जेवण नवरा-बायको आणि लेक अशा तिघांनी एकत्र बसून करावं, एवढीच दादांची मागणी होती. उभ्या आयुष्यात त्यांनी याहून मोठ्या मागण्या मान्य करून घेतल्या होत्या.

दादा वीजखात्यात मीटर वाचायचे. लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून त्यांच्या कमरेचा कायमचा स्वल्पविराम झाला होता. पण युनियनमध्ये ते ताठ असत. कर्मचाऱ्यांच्या विमा योजनेत सुधारणा करायची ठरली तेव्हा युनियनने त्यांना समितीवर धाडलं. दवाखाने तेव्हा भलतेच मोकाट सुटले होते. एक लाइनमन मंगळवारी घरी गेला, आणि त्याच्या बिलात गुरुवारपर्यंत ऑक्सिजन चालू होता. दादांनी ते बिल भर सभेत वाचून दाखवलं आणि सुचवलं, की शेवटचं बिल मंजूर होईपर्यंत पेशंटने खाट सोडू नये. सोडली, तर दावा रद्द. पेशंट समोर असला की बिल फुगवायची कुणाची छाती होणार नाही.

"पण बऱ्या झालेल्या माणसाला उगाच त्रास नाही का?" एका अधिकाऱ्याने विचारलं होतं.

"साहेब, उगाच बसल्याने कुणी मरत नाही. आपल्या खात्याला त्याचा दांडगा अनुभव आहे."

सभा हसली. वैद्यकीय खर्चाला लगाम घालणारं कलम सतरा एकमताने मंजूर झालं आणि मीटरवाल्याचे कलमदादा झाले. इथे भरती झाल्यावर ही हकिकत त्यांनी शिंप्याला दोनदा सांगितली होती. आज शिंप्याने विषय काढला, तेव्हा त्यांना जुनं काही आठवेना.

शेवटी ते उठून विमा खिडकीशी गेले. तिथली मुलगी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "काका, शंका आलीय वरून. ऑपरेशन डाव्या बाजूला झालं की उजव्या?"

"अहो, पित्ताशय आहे ते! माझं एकट्याचंच डावीकडे असेल का?"

"तसंच लिहू?"

"उजवीकडे लिहा."

"आणि पेशंट हजर आहे का, विचारलंय."

"हा काय तुमच्या पुढ्यात उभा आहे!"

"इथे नाही चालत काका. खाटेवर लागतो. इथे असाल तर गैरहजर धरतात."

"हा गाढवपणा कुणाचा?"

"कलम सतरा," ती म्हणाली.

दादा खाटेकडे परत फिरले.

दुपार कलली. घरून बायकोचा फोन आला. "ताटं घेतलीत. येताय ना?" तिचे गुडघे धरलेले आणि दवाखान्याची लिफ्ट बंद, त्यामुळे डबा घेऊन येणं तिला जमणारं नव्हतं.

शिंप्याला राहवेना. "दादा, घर जवळ आहे ना? चार घास खाऊन या. सिस्टरला सांगतो, पोट बिघडलंय."

दावा रद्द झाला तर ते बिल मुलीच्या वर्षाच्या पगारातही बसणारं नव्हतं. तरीही दादा उठले. एका हाताने पोट धरत जिने उतरले, फाटकाबाहेर पडले, रिक्षाला हात केला, आणि खिशातला फोन वाजला.

"परत फिरा!" शिंपी कुजबुजत होता. "योजनेचा तपासनीस आलाय. पलीकडच्या खोलीत आहे. तुमच्या उशीवर पांघरूण घालायला सांगितलंय मी मावशींना, पण त्याने काही विचारलं तर उशी काय बोलणार?"

दादा जिने चढून खाटेवर पडले तेव्हा टाके ठणकत होते. तपासनीस थकलेला, भला माणूस होता. त्याने यादीत खूण केली. "हजर. बूट का घातलेत?"

"घरी जायचंय."

"बरं वाटतंय?"

"ठणठणीत आहे हो! सकाळपासून ठणठणीत आहे!" दादा जवळजवळ ओरडलेच.

तपासनिसाने तेही इमानदारीने लिहून घेतलं आणि तो पुढे गेला.

उन्हं उतरताना मुलगी आली. तिच्या हातात प्रवासाची बॅग होती.

"बाबा, अजून तसंच?"

"येईल गं इतक्यात. तू जेवलीस का?"

"आईने बळेच दोन घास खायला लावले. तुमचं ताट झाकून ठेवलंय."

"तूच बसायचंस ना माझ्या जागेवर."

"तिथे कसं बसणार? तुम्ही येणार होतात."

शिंप्याने पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड वळवलं.

मुलगी खाली वाकली. "पाय केवढे सुजलेत! दिवसभर बूट घालून बसतात का कुणी?" तिने लेस सोडल्या, बूट काढले, मोजे त्यात खोचले आणि जोड खाटेखाली सारून ठेवला. मग तिने घड्याळ पाहिलं.

दादा तिला पोचवायला उठले.

"नको बाबा. पडून राहा. उगाच दावा जायचा."

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बॅग उचलली. जिन्यावरचा तिच्या पावलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. मग तोही येईनासा झाला.

दिवेलागणीला विमा खिडकीतली मुलगी स्वतः वर आली. बिल मंजूर झालं होतं. फक्त आजच्या दिवसाचं खाटेचं भाडं कापलं होतं. पेशंट सकाळपासून ठणठणीत असून दवाखान्यात थांबण्याचं काही कारण आढळलं नाही, असा शेरा होता.