वाफेने न उतरलेली घरघर

मित्रांनो, मी एक जुनी वाफेची मशीन आहे, श्वासातून घ्यायच्या औषधाची वाफ करणारी, आणि मी बिघडलेली नाही! हे आधीच ठणकावून सांगते, कारण हा आळ मी बरेच दिवस सोसला आहे.

कारखान्यातून मी लाखनीच्या औषध दुकानात आले आणि तिथून तलावाच्या पाळीवरच्या लिलाधरच्या घरी. तो मासोळ्या धरतो. त्याचे वडील बुधराम यांचा दमा माझ्या वाफेने उतरायचा. तेव्हा काय माझा थाट! घरातल्या बायका मला पदराने पुसायच्या.

मग लिलाधरला मुलगी झाली, नीतू. जन्मापासून तिच्या श्वासाला घरघर. डॉक्टरांनी दमा समजून वाफ सांगितली. मी रोज दिली, पण घरघर तसूभर हलेना. "मशीन बिगडली," असं घरातले म्हणू लागले.

नीतू भात खाऊ लागली, तशी ठसकू लागली. घर मासे खाणाऱ्यांचं, म्हणून आजी बेबीबाईंना वाटलं, घशात काटा रुतला. "सुक्या भाताचा घास चारा, काटा उतरून जाते," त्या म्हणाल्या. पिढ्यांची रीत ती. घास अडकला आणि पोर निळी पडली. तिच्या आईने, रीनाने, तिला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे घास बाहेर पडला. बेबीबाई पदरात तोंड लपवून रडल्या.

"मशीनले काहून बोल लावता?" रीना कडाडली. "बुढ्याले लागू पडते, पोरीले नाही. हा दमा नोहोय!"

नीतूला कडेवर आणि मला पिशवीत घेऊन ती लाखनीला गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला चालवून पाहिलं, तर मी ठणठणीत! मग त्यांनी नीतूला तपासलं आणि सरळ नागपूरला धाडलं.

तिथे स्कॅनमध्ये खरं दिसलं. हृदयातून निघणारी मोठी धमनी एका कमानीने वळते. नीतूला जन्मतःच दोन कमानी होत्या आणि त्यांचं कडं श्वासनळी व अन्ननळीला आवळत होतं. सर्जनांनी लहान कमान कापून कडं सोडवलं.

घरी आल्यावरही थोडी घरघर उरली. शेजारच्या निर्मलाबाई म्हणाल्या, "आपरेशन वाया गेलं. मशीन काढा न पुन्हा वाफ द्या."

"नाही काढत!" रीना म्हणाली. "दबून नरम झालेली श्वासाची नळी घट्ट व्हायले टाइम लागते, डॉक्टरनं सांगतलं हाये."

परवा नीतूने दारातून "बाबा!" अशी हाक मारली. तलावात डोंगा वल्हवत असलेल्या लिलाधरने वळून पाहिलं. तिची हाक पहिल्यांदाच त्याच्यापर्यंत पोचली होती.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच वापरा. पण माझी वाफ लागू पडली नाही, तर मला शिव्या देत बसू नका. लेकराला उचला आणि पुन्हा दवाखाना गाठा. मी हरले म्हणून नीतू वाचली, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.