‘मान्य आहे’ म्हटल्यावर

मित्रांनो, मी एक जुनी कुकी आहे. खायची नव्हे, संगणकाच्या पोटात राहणारी एक बारीकशी खूण. माझ्यावर फक्त एक क्रमांक आहे. नाव नाही, गाव नाही. आज माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून घाईनं सांगते.

माझा जन्म सामोआत, सिएनीच्या घरी झाला. घर म्हणजे खांब आणि छप्पर. भिंती नाहीत, त्यामुळे कोण कशानं रडतं ते सगळ्यांना ठाऊक. सिएनीच्या हाताला छातीत गाठ लागली, तेव्हा ती गुपचूप इस्पितळात तपासून आली. नवऱ्याची, लाफाएलेची, थोरली बहीण त्याच दुखण्यानं गेली होती. निकाल कळला की त्याला एकट्याला सांगायचं, असं तिनं ठरवलं.

एका दुपारी ती घरातल्या एकुलत्या एक संगणकापाशी बसली आणि आजारांची माहिती देणारं पान उघडलं. चौकट आली: ‘सगळं मान्य आहे?’ तेवढ्यात सासूची चाहूल लागली. वाचायला वेळ कुठला? तिनं बटण दाबलं आणि मी जन्मले.

मला तिथं ठेवलं ते जाहिराती लावणाऱ्या एका दूरच्या कंपनीनं. तिच्या जाहिराती ज्या ज्या पानावर असतील, तिथं मी माझा क्रमांक दाखवायचा. मग कंपनीला कळे, की गाठीबद्दल वाचलं गेलं ते याच संगणकावर. मी कधी चुकले नाही. मला त्याचा अभिमानही होता.

रविवारी चर्चहून येऊन, तारोचे उकडलेले कंद आणि डुकराचं मांस जेवून सगळे लवंडले होते. लाफाएलेनं रग्बीचे निकाल उघडले. मी सवयीनं क्रमांक दाखवला. गुणांशेजारी जाहिरात झळकली: ऑकलंडचं इस्पितळ, स्तनांच्या कर्करोगावर उपचार. खाली केसांचे टोप.

नणंद फियापेपेनं मान लांब केली. “काय रे दादा, टोप कुणाला? तुझं टक्कल झाकायला?”

“मी नाही बघितलं असलं काही. तूच चाळत बसतेस दिवसभर.”

“मी फक्त पाककृती बघते. आईला विचार हवं तर.”

सगळे हसले. सिएनीचा हात मात्र ताटं गोळा करता करता थांबला होता. लाफाएलेनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“सिएनी, तू?”

तिनं ताटं खाली ठेवली. सासूनं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

सगळे पांगल्यावर तो तिच्याजवळ बसला. “मला का नाही सांगितलंस?”

“सांगणारच होते. तुझा हात धरून, माझ्या तोंडानं. तुझ्या त्या रग्बीच्या पानानं आधीच सांगून टाकलं.”

“ताईच्या वेळीही मला सगळ्यात शेवटी कळलं होतं,” तो म्हणाला आणि उठून गेला.

मग गावभर झालं. बायका जेवण घेऊन येत, रडत, आणि सिएनी त्यांचीच समजूत काढी. स्वतःसाठी घाबरायला तिला जागाच उरली नाही.

गाठ साधी निघाली. लाफाएले तिला धरून रडला. पण कंपनीला ते कोण सांगणार? मी क्रमांक दाखवतच राहिले, टोप झळकतच राहिले. ते दिसले की अजून तो संगणकच बंद करून टाकतो.

आज फियापेपे तिला शिकवते आहे. “वहिनी, इथं दाब, सगळ्या कुकी पुसल्या जातील. पुन्हा ती चौकट आली की ‘नाकारा’ शोध. बारीक अक्षरात दडवलेलं असतं.”

“आणि नाही सापडलं तर?”

“मला हाक मार. काय उघडलंयस ते मी वाचणार नाही.”

“तू? न वाचता?” सिएनी बऱ्याच दिवसांनी हसली.

मित्रांनो, तिचं बोट बटणावर आहे. तुमची भाषा लक्षात ठेवणाऱ्या, कामाला येणाऱ्या कुकीही असतात. पण माझ्यासारखीला आत घेण्याआधी चौकट नीट वाचा. संगणक चारचौघांचा असेल, तर उठताना आम्हाला पुसून टाका. पुसलं जाण्याची मला भीती नाही. मी इथून जाईन, पण माझ्या क्रमांकापुढे त्या दूरच्या कंपनीनं सिएनीबद्दल जे लिहून ठेवलंय, त्याच्यापर्यंत तिचं बोट पोचत नाही.