चार खांबांचा परिच्छेद

मित्रांनो, मी फळा आहे. जुना, लाकडी, तीनदा काळा रंग चढवलेला, एका कोपऱ्यातून फुगलेला. माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. जन्मभर लोकांनी माझ्यावर लिहिले आणि पुसले, आणि मला कधी कोणी विचारले नाही.

ग्रीसमधल्या कार्दित्सा गावच्या एका सुताराने पाइनच्या फळ्या जोडून मला घडवले. आधी मी डोंगरातल्या शाळेत होतो. तिथली मुले संपली, शाळेला कुलूप लागले, तेव्हा अर्गीरिस सरांनी मला उचलून आपल्या शिकवणी वर्गात आणले. वर्ग बेकरीच्या माडीवर होता. खाली पाव भाजत, वर मुले.

आमच्याकडे जूनमधल्या परीक्षेवर विद्यापीठाचे दार उघडते किंवा बंद होते, आणि त्या परीक्षेत निबंध असतोच. सर निबंध शिकवत, पण मुलांना आधी पेनला हात लावू देत नसत. प्रथम माझ्यावर आराखडा मांडायचा, प्रत्येक परिच्छेदासाठी एकच ओळ. "एका परिच्छेदात एकच मुद्दा. दोन कोंबलेत तर दोघंही उपाशी मरतील," असे ते म्हणत. पहिल्या वाक्यात आपले म्हणणे मांडायचे, मग ते का खरे आहे आणि कुठे दिसले ते सांगायचे, आणि शेवटच्या वाक्याने तेच दार नीट लावून घ्यायचे, नवे उघडायचे नाही. कोणी जडजंबाल शब्द वापरले की सर विचारत, "हे तू पाहिलंस कुठे? नसेल पाहिलं तर काढून टाक." ते माझे सुखाचे दिवस होते. मुले मला शर्टाच्या बाहीने पुसत आणि घरी जाऊन आईचा मार खात.

मग सरांना हृदयविकार जडला आणि वर्ग त्यांच्या पुतण्याच्या, पान्देलिसच्या हाती गेला. पान्देलिस हुशार माणूस. त्याने ताडले की विषय कुठलाही येवो, मुलांना एकच परिच्छेद घोकवता येतो. कुटुंबाने काय करावे, शाळेने काय करावे, वर्तमानपत्रांनी काय करावे, सरकारने काय करावे. याला तो चार खांब म्हणे. मुले सुरात पाठ म्हणत, खाली बेकरीवालाही ऐकून ऐकून म्हणू लागला. पालक खूश होते. सर मात्र आठवड्यातून एक दिवस येत आणि जुन्याच पद्धतीने शिकवत. पान्देलिस त्यांना म्हातारपणाची सवय म्हणून चालू देई.

अशाच एका दिवशी सरांनी विषय दिला, तरुण गाव का सोडतात. एव्हान्थिया नावाची मुलगी उठली. तिला व्होलोसच्या विद्यापीठात जाऊन प्राथमिक शाळेची शिक्षिका व्हायचे होते. दुसरे काही तिला नकोच होते. तिने माझ्यावर लिहिले:

"आमच्या गावातून तरुण जातात, कारण तिथे कोणी कोणाची वाट पाहत नाही. बस बंद झाली तेव्हा कोणी तक्रार केली नाही. चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा वारला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही. माझा भाऊ जर्मनीला निघाला, तेव्हा निरोप द्यायला आई, मी आणि कुत्रा होतो. जिथे गेलेल्याची कोणाला खबर नसते, तिथे थांबलेल्याचीही नसते."

सर बराच वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "हे कोणी पुसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पान्देलिसने ओल्या स्पंजने ते पुसले. एव्हान्थिया समोरच होती.

"अगं, तपासणाऱ्यापुढे पेपरांचा ढीग असतो. त्याला तुझा कुत्रा कशाला हवाय? चार खांब ठोक, वर छप्पर टाक आणि बाहेर पड."

"पण सर म्हणाले..."

"काकांना परीक्षा द्यायची नाहीये. तुला द्यायचीये."

सरांना हे कळले तेव्हा ते पुतण्याला एवढेच म्हणाले, "घर बांधतोयस की मांडव घालतोयस?" पान्देलिस हसला. मला हात असते तर मी काय केले असते, ते लहान मुलांपुढे सांगण्यासारखे नाही.

जूनच्या परीक्षेत नेमका तोच विषय आला. तरुण गाव का सोडतात? निकालानंतर एव्हान्थिया आली ती सरांच्या वाराला, मुले यायच्या आत. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"माझा परिच्छेद शब्दन् शब्द आठवत होता, सर. पण भीती वाटली. हाताने खांबच लिहिले."

"विचारलं होतं का जातात, आणि तू लिहिलंस कोणी काय करावं," सर म्हणाले.

"हो."

"पोरी, तो तुझा हात नव्हता गं."

तिचे व्होलोस थोडक्यात हुकले. ज्यांचे बाकीचे पेपर भक्कम होते ती मुले त्याच खांबांवर तरून गेली, आणि त्यांचे फोटो बेकरीच्या वर लागले. पुन्हा वर्षभर शिकवणी लावायची एव्हान्थियाच्या आईची ऐपत नव्हती. "मामाच्या खानावळीत माणूस हवंय," आई म्हणाली आणि विषय मिटला. सर त्यानंतर माडी चढले नाहीत. पान्देलिसने पांढरा, गुळगुळीत फळा आणला आणि मला जिन्याखाली टाकले. तिथून मला एव्हान्थियानेच मागून नेले. का, ते तिने कोणाला सांगितले नाही.

आता मी खानावळीच्या दारात असतो. रोज सकाळी ती माझ्यावर लिहिते, राजम्याचे सूप, भरलेल्या टोमॅटोची भाजी, भट्टीतले बकरे. परवा पान्देलिस यंदाच्या पास झालेल्या मुलांच्या आईबापांना घेऊन जेवायला आला. माझ्यापुढे थांबून त्याने सगळे वाचले. एव्हान्थिया पाण्याचा जग घेऊन बाजूला उभी होती.

"अक्षर सुंदर आहे हं तुझं," तो म्हणाला. "आमच्याकडे शिकलीस ना?"

"हो सर," ती म्हणाली. "आत बसणार की बाहेर?"

मित्रांनो, फळा पुसण्यासाठीच असतो, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझी किनार नीट ठेवा, मला उन्हापावसात टाकू नका, हेही मी सांगत बसणार नाही. एकच मागणे आहे. स्पंज ओला करण्याआधी मागे सरा, आणि कोणी काय लिहिले आहे ते शेवटच्या वाक्यापर्यंत वाचा.