बशीतला चहा

"बशी नाही का जी तुमच्यापासी?" कुंदाबाईनं कोहमाऱ्याच्या फाट्यावरच्या चहावाल्याला दरडावून विचारलं. ट्रक ड्रायव्हरांच्या त्या हॉटेलात बशी कुठून येणार? त्यानं निमूटपणे स्टीलची एक प्लेट पुढं सरकवली.

वर्ष होत आलं, शेजारी बसलेल्या केवळरामला बायको ओळखत नव्हती. कधी भाऊ समजायची, कधी गावची गुरं राखणारा गायकी, बहुतेक वेळा कुणीच नाही. आणि आज, नेमका आजच तिला नवरा आठवला होता.

आज तिला पाण्याशिवाय काहीच चालणार नव्हतं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या मेंदूवर संशोधन चालू होतं. केवळराम-कुंदाबाईंची मुलगी राखी तिथंच नर्स. तिनं डॉक्टरांच्या मागं लागून आईचं नाव त्यात घातलं होतं. एमआरआय मागच्या खेपेला झाला, मेंदू किती आकसला ते त्यात दिसलं. आज पेट स्कॅन. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, यानं आजी बऱ्या होणार नाहीत. पण मेंदू साखरेवर चालतो. आपण सुईतून थोडी खुणेची साखर सोडतो. ती जिथं जाते, तो भाग अजून कामाचा. तो फोटोत उजळ दिसतो. बाहेरची साखर पोटात गेली, की फोटो फसवा येतो."

केवळरामनं जन्मभर नवेगावच्या तळ्याचं पाणी शेताशेतांत, धानाच्या बांधीबांधीत वाटलं होतं. पाणी कुठं पोचलं आणि कुठं कोरडं राहिलं, एवढीच ही गोष्ट आहे, हे त्याला चटकन कळलं. तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला होता, तो फोटो पाहायचा. तिच्या डोक्यात आपली एखादी बांधी तरी ओली राहिली आहे का, ते पाहायचं. त्यासाठी कालपासून त्यानं तिला उपाशी ठेवलं होतं, आणि तिला एकटीला कसं ठेवायचं म्हणून स्वतःही घास घेतला नव्हता.

"चाय न घेता कोठी निंगाले?" कुंदाबाई म्हणाली. "बांधावर दिवसभर उपासी राहाल का?"

लग्न झाल्यापासून त्यांची रीत ठरलेली. कपातला अर्धा चहा ती बशीत ओतून त्याला द्यायची, उरलेला स्वतः प्यायची. पण त्यानं बशी तोंडाला लावल्याशिवाय ती कपाला हात लावायची नाही. आताही तिनं ग्लासातला चहा प्लेटीत ओतला, फुंकर घातली, प्लेट त्याच्यापुढं धरली आणि थांबली. ग्लास हिसकून घेता आला असता. तुले चाय मना हाये, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं.

"घ्या नं. थंडी होऊन राहिली."

त्यानं प्लेट तोंडाला लावली. तिनं ग्लास उचलला. साखर भरपूर होती, ड्रायव्हर लोकांना लागते तशी. "आनखीन एक सांगा," ती म्हणाली, आणि त्यानं तोही सांगितला. बस येईपर्यंत ती धानाच्या पऱ्ह्यांबद्दल, रोवायला आलेल्या रोपांबद्दल बोलत होती. नागपूरच्या वाटेवरची साकोली यायच्या आत तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं, आणि केवळराम पुन्हा कुणीच नाही झाला.

दवाखान्यात बोटाला सुई टोचून तिची साखर पाहिली. जरा वर होती.

"आजींनी काही घेतलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, सर," राखी घाईनं म्हणाली. "शुगर आहे तिला. वरखाली होते कधी कधी."

डॉक्टरांनी केवळरामकडं पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते मशीन दाराच्या पलीकडं होतं. पण कोरड्या बांधीला ओली म्हणणं त्याला आजवर जमलं नव्हतं, आणि खोटा फोटो घेऊन करायचं काय?

"चाय देली मी," तो म्हणाला. "दोन गिलास."

डॉक्टर रागावले नाहीत. असा फोटो संशोधनात धरता येत नाही, म्हणाले. आजची खुणेची साखर उद्याला टिकत नाही, आणि तपासण्यांचा हा शेवटचाच आठवडा. बाहेर दुसरे एक आजोबा तयार बसले होते. त्यांना आत नेलं.

व्हरांड्यात राखीचा धीर सुटला. "बाबा, काऊन देली? किती खटपट केली मी, मालूम हाये नं तुमाले?"

"तिनं मले वळखलं, माय."

राखी आईशेजारी बसली. आईचा हात हातात घेत तिनं हळूच विचारलं, "माहं नाव घेतलं का?"

"शाळेतून आली का म्हने, राखी."

केवळराम आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला.

परतताना कोहमाऱ्याला बस थांबली, तेव्हा त्यानं स्वतःच चहा सांगितला, प्लेट मागून घेतली, अर्धा ओतला आणि कुंदाबाईकडं पाहत राहिला. ती पदर सावरून जरा बाजूला सरकली.

"तुमी घ्या जी, पाव्हणे," ती म्हणाली. "आमचे हे बांधावरून आले नाही अजून. त्यायनं घेतल्याबिगर मी नाही घेत."

"बरं," केवळराम म्हणाला, आणि तोही थांबला. प्लेटीतल्या चहावर साय धरत गेली.