पाठमोरी

गळा

ऑगस्टमध्ये चर्चच्या हॉलमध्ये कॉन्व्हेंटचे जुने गणवेश विकायला मांडतात. ब्रोनाच्या आईने गडद हिरवा स्वेटर उचलला तेव्हा टेबलामागच्या बाईचा हात क्षणभर स्वेटरवरच राहिला. मग तिने तो कागदात गुंडाळून दिला. डब्लिनहून नव्याने आलेल्या माणसांना गावातलं कोण कशाला सांगेल?

शाळेच्या पहिल्या सकाळी गळ्याला आतून काहीतरी टोचलं. नावाची पट्टी, लाल दोऱ्याची. डर्व्हला टूही. आई ती उसवायची विसरली होती. ब्रोनाने पट्टी आत दुमडली, केस वर बांधले आणि

बाह्या

वर्गात पाऊल टाकलं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पट्टी कुणाला दिसली नव्हती. दिसल्या त्या बाह्या. दोन्ही टोकांना चावून चावून पाडलेली भोकं होती, अंगठा घालायला, आणि त्यांच्या कडा कुणीतरी काळ्या दोऱ्याने शिवल्या होत्या.

भूगोलाच्या तासाला शेजारणीने वहीआडून सांगितलं. डर्व्हला याच वर्गातली. ईस्टरनंतर धक्क्यावरून पोहायला उतरली ती वर आलीच नाही. पुढे कुठेतरी, दुसऱ्या गावच्या वाळूत सापडली. घरातले तिचे कपडे बापाने बायकोला न विचारता हॉलमध्ये नेऊन दिले. बायको दुसऱ्या दिवशी धावत गेली, तोवर स्वेटर विकला गेला होता.

ब्रोनाने घरी सांगितलं. आई म्हणाली, "धुतलाय की. लोकरीला काय कळतं?"

लोकरीला कळत होतं. हीटरवर वाळत टाकला की खाऱ्या पाण्याचा वास सुटायचा. अंगठे आपणहून भोकांत जायचे. ब्रोना जिना एकेक पायरीने चढणारी मुलगी. नाताळपर्यंत ती दोन-दोन पायऱ्या चढायला लागली, आणि वरून मुख्याध्यापिका सिस्टर बेनिग्नस नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "डर्व्हला, पाय मोडून घेशील."

दोघी थबकल्या. सिस्टरनी कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस काढला आणि भिंतीला घासून निघून गेल्या.

गाण्याच्या सरावात वर्ग वरचा सूर धरायचा. ब्रोनाच्या गळ्यातून खालचा निघायचा, कुणी न शिकवलेला. कुणी टोकलं नाही. त्या सुराची जागा ईस्टरपासून रिकामीच होती जणू. तिचं नाव मात्र कुणी घेईना. "तिला सांग", "ती आली", एवढंच. ब्रोना कधीकधी शौचालयात कडी लावून स्वतःचं नाव हळूच म्हणून बघायची. ते दर वेळी थोडं

पाठ

परकं वाटायचं.

मागे कुणीतरी चालतंय हे तिला फेब्रुवारीत उमगलं. कॉरिडॉरमध्ये, चॅपेलच्या पायऱ्यांवर, सायकलींच्या शेडपाशी. ती वळली की पावलं थांबायची. एकदा ती अचानक वळली. पहिल्या वर्षातली एक बुटकी पोर दोन्ही हातांनी डोळे झाकून उभी होती.

"वळू नकोस ना गं," पोर म्हणाली. "सगळं बिघडवतेस."

ती ईटा टूही. डर्व्हलाची धाकटी बहीण.

ब्रोनाने तिथेच स्वेटर डोक्यावरून ओढायला घेतला. म्हणाली, घेऊन जा, तुमचाच आहे. ईटाने तो दोन्ही हातांनी खाली खेचला. काढलास तर ती जाईल, म्हणाली. मागून तू तीच आहेस. पुढून तू कुणीच नाहीस, आणि त्याचं मला काही नाही.

त्या दिवसापासून ब्रोना वळायची नाही. पोरीकडून बहीण दुसऱ्यांदा कशी हिरावून घ्यायची? पण घरी आरशासमोर उभी राहिली की तिला धास्ती वाटायची. आपण अशाच पाठमोऱ्या चालत राहिलो तर एक दिवस पुढची बाजू उरणारच नाही.

मे महिन्यात ईटाने पाठीमागूनच सांगितलं, "आईला मी कळवलंय. मिरवणुकीत डर्व्हला चालते म्हणून. आई येणारे. शेवटी तू वळायचं नाहीस."

"सगळ्या वळतात, ईटा."

"तू नाही."

सगळ्या वळतात, ही या शाळेची रीत. मे महिन्यात मुली दोघी-दोघींनी मरियामातेच्या गुहेपर्यंत चालत जातात. मूर्तीला फुलांचा मुकुट चढतो. मग शेवटच्या गीताला अख्खी रांग मूर्तीकडे पाठ करून उभी राहते. एरवी हे पाप ठरावं, पण कुठल्या तरी जुन्या मदर सुपिरिअरने ठरवून दिलंय की मरिया आई आहे, तिला समजेल. भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या आयांना आपापल्या पोरींचे चेहरे दिसू देत.

खांदे

मुकुट चढला. सिस्टर बेनिग्नसनी हात वर केला. हिरवी रांग वळली.

ब्रोना वळली नाही.

आता तिच्यासमोर दगडी मूर्ती होती आणि मूर्तीशेजारी सिस्टर बेनिग्नसचा चेहरा, आधी लाल, मग पांढरा. गीत सुरू झालं. ब्रोनाने तोंड उघडलं तर खालचा सूर आला. आपली स्वतःची आईसुद्धा त्या भिंतीपाशी आहे, ती रांगेत आपल्याला शोधत असेल, हे तिला कळत होतं. मान दुखायला लागली, इतकं वळावंसं वाटत होतं.

गवतावर पावलं वाजली. एकटीची, मोठ्या बाईची. रांगेतल्या मुलींचे आवाज एकेक करून पडत गेले. पावलं अगदी मागे येऊन थांबली. दोन हात खांद्यांवर आले. त्यांनी स्वेटरची शिवण सरळ केली. हात थंड होते आणि अजिबात थरथरत नव्हते.

"वळू नकोस," मिसेस टूही कानाशी म्हणाल्या, ओठ न हलवता बोलावं तसं. "धाकटी बघतेय. तिला वाटतं, मला हे खरं वाटतं. म्हणून आलेय मी."

ब्रोना मूर्तीकडे बघत राहिली.

"मला माहितीये तू ती नाहीस. ती तुझ्याहून उंच होतीस." बाई थांबल्या. "होती. आणि असा एक सेकंद कधी गप्प उभी राहिली नाही. नाव काय तुझं, बाळा?"

घशात खालचा सूर अडकला होता. त्याच्यावरून नाव वर काढायला वेळ लागला.

"ब्रोना."

"ब्रोना," बाई म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, नीट, लक्षात ठेवायला म्हणावं तसं. "आणखी थोडं उभी राहशील, ब्रोना? गीत संपेपर्यंत. मग घरी जाऊन काढून टाक हा स्वेटर. ईटाला काय सांगायचं ते मी सांगेन. ते काम आईचं असतं, तुझं नाही."

मागून, रांगेच्या टोकाकडून, ईटाचा आवाज आला. आनंदाने चिरकलेला.

"बघ आई. म्हटलं होतं ना मी."

"हो गं," मिसेस टूही म्हणाल्या. "दिसली मला."

खांद्यांवरचे हात तसेच राहिले. ब्रोनाने त्या बाईचा चेहरा पाहिला नाही, नंतरही कधी नाही. गीताचं शेवटचं कडवं आलं, मुलींनी पुन्हा आवाज धरला, आणि ब्रोनाने वरचा सूर लावून पाहिला. तो फाटका निघाला. बोटं खांद्यात रुतली, पण हात सुटले नाहीत.