झोळीतलं खोटं वजन

मी एक जुना झोळीचा वजनकाटा आहे. अमडापूरच्या बाजूला एका लहान गावात, अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेला. वर गोल तबकडी, खाली लेकरू बसवायची निळी झोळी. मित्रांनो, सांगायची लाज वाटते, तरी सांगतो.

मी नवा आलो तेव्हा अंगणवाडीच्या बेबीताईंचा नेम मोठा कडक होता. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आधी काटा शून्यावर आणायचा, मग लेकराचे कपडे उतरवायचे, मग वजन करून वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडायचा. "मागचा महिना अन् हा महिना जोडून पाहा, तवाच लेकरू कळते," असं त्या आयांना सांगायच्या. लेकरं रडून गाव डोक्यावर घ्यायची, पण ताई हटायच्या नाहीत. काय दिवस होते ते!

यंदाच्या थंडीत तो नेम सैल झाला. "उघडं लेकरू तोलू नका वो ताई, नजर लागते," गोजरबाई म्हणाल्या. त्यांची नात प्रेरणा तेव्हा आठ महिन्यांची होती. ताईंनी एकदा ऐकलं, मग दर महिन्याला ऐकलं. थंडी वाढली तसे कपडे वाढले. स्वेटर, टोपरं, जाड दुपटं, पायात चांदीचे वाळे, सगळ्यासकट पोर झोळीत! आधी उघडी तोलली तेव्हा साडेसहा किलो भरलेली प्रेरणा मी सहा किलो सातशे दाखवली. "पोरगी भरली!" म्हणून सगळे हसले, आणि मी खुळा फुशारलो.

प्रेरणाची आई पुष्पांजली मात्र हसली नाही. धीर करून ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, पोरगी मले हलकी लागून राह्यली. कडेवर घेतली की समजते."

"काटा काय लबाड बोलते? तुलेच वहम," गोजरबाई म्हणाल्या. ताईंनीही तक्त्यावरचा ठिपका दाखवला. पुष्पांजली लेकीला कडेवर घेऊन घराकडे निघाली. मित्रांनो, माझ्या आकड्याने एका आईचं तोंड बंद केलं.

फाल्गुनात ऊन तापलं आणि प्रेरणा नुसत्या झबल्यात आली. काटा पावणेसहाच्या पुढे काही केल्या जाईना. "बिघडला वाटते," म्हणत ताईंनी किलोभर साखरेचा पुडा झोळीत टाकला. मी बरोबर एक किलो दाखवला. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी गोजरबाईंना थंडीतले सगळे कपडे वाळ्यांसकट आणायला लावले आणि ते गाठोडं रिकाम्या झोळीत ठेवलं. नऊशे ग्रॅम!

"मायाच हातानं झालं वो हे," गोजरबाई म्हणाल्या.

त्याच दुपारी जीपने प्रेरणाला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. पोर तीन महिन्यांपासून खंगते आहे, इतके दिवस काय केलं, असं डॉक्टरांनी विचारलं म्हणे. पंधरा दिवसांनी पुष्पांजली लेकीला घेऊन परत आली. प्रेरणा आता जेवते, हसते. पण तिच्या बरोबरीची लेकरं भिंत धरून उभी राहतात आणि ती अजून बसूनच त्यांच्याकडे बघते.

गावात सगळे म्हणतात, काट्याची काही चूक नव्हती. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मित्रांनो, तोलायचं तर नेमाने तोला, एका महिन्याचीही सूट घेऊ नका. आणि लेकरू हलकं लागतंय असं त्याची आई म्हणाली, तर आधी तिचं ऐका, मग माझ्याकडे बघा.