चुलीखालचा हंडा

बिरसीजवळच्या त्या गावातली निम्मी माणसं बकारामच्या स्वयंपाकघरात घुसली होती. त्याच्या पोराच्या, मुन्नाच्या हातातल्या मोबाईलवर होकायंत्र सुरू होतं, आणि चुलीपाशी आलं की त्याची सुई गर्रकन फिरत होती. शेजारी काठी टेकून कमली महाराज डोळे मिटून उभे होते. "धरती बोल रही है, बच्चा. खाली सोन्याचा हंडा आहे."

बकारामची छाती फुगली. टच मोबाईल घेणारा गावातला पहिला माणूस तोच. त्याला स्वतःला फोन उचलण्यापलीकडे त्यातलं काही कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण मोबाईल बापाचा आणि पोराचा, पोरीनं हात लावायचा नाही, असा कायदा मात्र त्यानं केला होता.

"मशीन कायले खोटं बोलंल?" त्यानं शेजाऱ्यांना ऐकवलं.

महाराजांनी डोळे उघडले. "पण घरची कन्या किताब घेऊन उंबरठा ओलांडते, त्यानं लक्ष्मी रुसते. शाळा बंद करा. आणि पूजेला तांदळाची एक गोणी."

उद्याच नाव काढतो, असं बकाराम बोलून गेला. त्याच्या दहावीतल्या पोरीचं, खुशबूचं तोंड एवढंसं झालं.

महाराज बकारामसोबत जेवायला बसले. त्यांची काठी खुशबूच्या मायच्या, देवकाबाईच्या शिलाई मशिनीला टेकली होती. ती बाजूला करताना खुशबूला दिसलं, काठीच्या टोकाला मायच्या हरवलेल्या सुया चिकटल्या आहेत. सुई पडली की माय जुन्या रेडिओतलं चुंबक जमिनीवर फिरवून ती शोधायची, त्यामुळे पोरीला लगेच उमजलं. तिनं मायचं चुंबक मुठीत घेतलं.

"मुन्ना, मोबाईल तूच धर. मी हात नाही लावत," ती म्हणाली आणि मूठ बापाच्या ताटाजवळ नेली. सुई फिरली. "बाबा, तुमच्या भाताखाली बी हंडा हाये जी."

मग तिनं मूठ बापाच्या कपाळाशी धरली. मुन्नानं मोबाईल तिथं नेला. सुई पुन्हा फिरली.

तिनं मूठ उघडून सगळ्यांना चुंबक दाखवलं, आणि काठी अंगणात नेऊन ठेवली. चुलीपाशी सुई आता गप्प होती.

"सोन्यानं सुई फिरत नाही जी. चुंबकानं फिरते, अन् ते यांच्या काठीत हाये."

महाराज चपला शोधू लागले. गोणी तिथंच राहिली.

"डोक्यात धन असतं तर याले घरात घेतलं असतं का मी?" बकाराम म्हणाला. लोक हसले, तोही हसला, मात्र कान लाल झाले होते.

चमत्कार दिसला की आधी दाखवणाऱ्याची काठी बाजूला ठेवून पाहावी, आणि घरातल्या पोरीला विचारावं. एवढी साधी अक्कल यायला बकारामला अर्ध्या गावासमोर हसं करून घ्यावं लागलं.

सकाळी खुशबू शाळेला निघाली, तेव्हा तो मोबाईल घेऊन दारात उभा होता.

"संध्याकाळी लवकर ये वं. मले शिकव थोडंसं."